माहुलीच्या घाटावर, चिंगीबरोबर

साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याने पूर्वेकडे निघालात, तर महामार्ग ओलांडल्यानंतर थोड्याच वेळात कृष्णेचा काठ येतो. अंतर जेमतेम पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णा या दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि येथे एकमेकींना भेटतात. साताऱ्याकडच्या तीरावर संगम माहुली, पलीकडच्या तीरावर क्षेत्र माहुली. पेशवाईतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. अलीकडे विश्वेश्वर, पलीकडे रामेश्वर, आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या दगडाचे घाट. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास गेलात तर पाण्यावर धुके असते आणि घाटावर फार तर चार-दोन माणसे.

गेली नऊ वर्षे बहुतेक रविवारी सकाळी मी येथे येते. मी एकटी नसते. चिंगी बरोबर असते. चिंगी म्हणजे आमची कुत्री. जात गावठी, रंग भाजलेल्या भाकरीसारखा, वय अकरा. दवाखान्याच्या पायरीवर पावसात भिजत बसलेली सापडली आणि मग राहिलीच. आठवड्याचे इतर सहा दिवस ती मला पहाटे पावणेसहाला उठवते. मधुमेहाच्या रुग्णांना मी गेली पंचवीस वर्षे सांगत आले, ‘‘रोज चाला.’’ स्वतः मात्र चालत नव्हते. चिंगीने कोणतेही कारण ऐकून घेतले नाही. रात्री उशिरा घरभेट झाली होती, सर्दी आहे, बाहेर पाऊस आहे, या सबबी माणसांपुढे चालतात. दाराशी शेपूट हलवीत उभ्या राहिलेल्या कुत्र्यापुढे त्यांतील एकही टिकत नाही.

माहुलीचे विशेष असे की, येथे कुत्र्याला घेऊन आल्याचे अवघडलेपण मला कधी वाटले नाही. देवळात मी तिला नेत नाही. बाहेर बांधते आणि दर्शन घेऊन येते. कुत्र्याची भीती वाटणाऱ्या माणसाला ती भीती बाळगण्याचा हक्क आहे, असे माझे मत आहे. ‘‘अहो, तो काही करत नाही,’’ हे वाक्य कुत्रे पाळणाऱ्यांनी कायमचे सोडून द्यावे. समोरून एखाद्या आजी येत असतील तर आपण दोरी आखडून कडेला उभे राहावे, एवढेच पुरते. मात्र येथे कुत्र्याला परके न मानण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते दगडात बांधलेले आहे.

माहुलीच्या नदीकाठी सातारच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. थोरल्या शाहू महाराजांचे १७४९ साली निधन झाले. त्यांची समाधी येथेच. आणि याच काठावर त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी दाखवितात. शिकारीच्या वेळी वाघ अंगावर येत असता खंड्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी कथा सांगतात. त्याबद्दल त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान मिळाला. ग्रँट डफ हा ब्रिटिश अधिकारी साताऱ्यात राहिलेला. त्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही या कुत्र्याचा उल्लेख आहे. महाराजांनी त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असे तो लिहितो.

मात्र डफने हे सारे सांगितले आहे ते महाराजांच्या उतारवयातील बुद्धिभ्रंशाचे लक्षण म्हणून. इतिहासाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण वृद्ध माणसे मी रोज पाहते, आणि ते वाचताना मला वाटले की हे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. साठी-सत्तरीच्या माणसाने कुत्र्यावर जीव लावला, त्याच्याशी गप्पा मारल्या, स्वतःच्या ताटातला घास त्याला काढून ठेवला, की घरातले एकमेकांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, ‘‘वय झालं आता.’’ डॉक्टरही तेच म्हणतात. मीही म्हटले आहे. ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे एक जुने रुग्ण आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, तेव्हा वय शहात्तर. सारे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही म्हणते. पत्नी गेल्यानंतर पुण्याच्या मुलीने त्यांना सोबत व्हावी म्हणून लॅब्राडॉर जातीचे पिल्लू आणून दिले. त्याचे नाव राजा. वर्षभरात राजाचे वजन तीस किलोंच्या पुढे गेले. गुरुजींचे स्वतःचे वजन बावन्न. रोज सकाळ-संध्याकाळ दोघे फिरायला जात. गुरुजींची साखर त्या काळात इतकी छान राहिली की मी एक गोळी कमी केली होती. पेढ्यांचे प्रमाणही घटले असावे असा माझा समज होता. पुढे कळले की कंदी पेढा ते घेत असत, परंतु अर्धा राजाला देत. त्यामुळे साखर यांची आटोक्यात आणि वजन त्याचे वाढलेले!

एका सकाळी समोरून मांजर आडवे गेले. राजाने झेप घेतली. साखळीचे दोन वेढे गुरुजींच्या मनगटाला होते. ते सिमेंटच्या रस्त्यावर आडवे पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी आल्यावर मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘मॅडम, कुत्र्याचं काय करायचं?’’ मी फारसा विचार न करता सांगितले, ‘‘गावाकडे शेतावर देऊन टाका. पुन्हा पडले तर निभायचं नाही.’’

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने माझे काही चुकले होते, असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील माणसांच्या अशा अपघातांचा अभ्यास झालेला आहे. साखळीला बांधलेले कुत्रे फिरवताना पडून हाड मोडण्याच्या घटना २००४ ते २०१७ या काळात तेथे दुपटीहून अधिक झाल्या. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त होती आणि सर्वांत अधिक मोडलेले हाड खुब्याचे होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, हे तुम्ही या पाक्षिकात अनेकदा वाचले असेल. तेव्हा धोका खरा आहे. तो मी नाकारत नाही.

राजाला शेतावर नेले. दुसऱ्या आठवड्यात तो साखळी तोडून निघून गेला आणि पुन्हा सापडला नाही. घरच्यांनी हे गुरुजींना सांगितले नाही. सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ते खुर्चीत बसले होते, समोर वॉकर होता. मी सांगून संपवले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘तुम्ही बरोबरच सांगितलं होतंत, डॉक्टरीणबाई.’’ त्यांनी मला दोष दिला असता तर बरे वाटले असते.

हाड जुळले. फिजिओथेरपीच्या ताई येत, तेवढ्यापुरते गुरुजी चालत. पुढे फाटकापर्यंत जात आणि परत येत. ‘‘रोज अर्धा तास चाला,’’ असे मी म्हटले की विचारत, ‘‘कुठं जाऊ?’’ कमी केलेली गोळी मला पुन्हा सुरू करावी लागली. रात्रीची झोप गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी हाडाचा विचार केला होता, पण ते हाड ज्याच्यामुळे रोज दोन वेळा चालत होते त्याचा केला नव्हता. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा राजाला फिरवू शकला असता, आणि गुरुजी काठी घेऊन त्यांच्या मागून चालले असते. हा पर्याय मला सुचायला हवा होता. सुचला तो सहा महिन्यांनी, आणि तोवर राजा नव्हता.

म्हणून आता असा प्रश्न घेऊन कोणी आले तर मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारते, घरात आणखी कोण आहे? दिवसातून एकदा कुत्र्याला जोरात फिरवून आणणारे तरुण पाय मिळतील काय? दमलेले कुत्रे आजोबांबरोबर शांतपणे चालते. सारा दिवस गच्चीवर बांधलेले कुत्रे फाटक उघडताच उसळी मारते, आणि दोष मात्र त्याच्या जातीला दिला जातो. साखळी मनगटाला कधीही गुंडाळू नका. हाताच्या पकडीत अशी धरा की ओढ बसताच ती सुटून जाईल. कुत्रे पळाले तर परत येते, किंवा शोधता तरी येते. पायांत चपलेऐवजी मागून बंद असलेले, तळ न घसरणारे बूट असावेत. मधुमेहामुळे तळपायाची जाणीव कमी झालेल्यांनी तर याबाबत हयगय करूच नये. आणि घरात पायांत घुटमळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लहानसा घुंगरू बांधा. रात्री लघवीला उठताना तो अंधारात कोठे झोपला आहे, हे त्याने कूस बदलली की कळते.

मुलामुलींना माझे एक सांगणे असते, आणि ते काहींना आवडत नाही. आईवडिलांना एकटे वाटते म्हणून मोठ्या जातीचे पिल्लू भेट देऊ नका. पिल्लू बारा-तेरा वर्षे जगते. देण्यापूर्वी आईवडिलांचे वय त्यात मिळवून पाहा. त्यांच्या पश्चात त्याला कोण नेणार, हे आधी ठरवा, त्या व्यक्तीला विचारा, आणि मगच द्या. त्यापेक्षा पाच-सहा वर्षांचे, शांत झालेले, नसबंदी झालेले गावठी कुत्रे केव्हाही बरे. त्याला पुण्या-मुंबईचे पाकिटातले खाणे नसले तरी चालते, आणि आपला उन्हाळाही सोसतो. मात्र मनुका, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट यांपैकी काहीही त्याला देऊ नका. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा वेचून काढा. पेढ्याविषयी वेगळे सांगत नाही.

रेबीजविषयी मात्र थोडक्यात आवरून चालणार नाही. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी आणि तिचे कार्ड औषधांच्या डब्यात ठेवावे. कोणतेही कुत्रे चावले, किंवा त्याचा दात वा नख लागून नुसते खरचटले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. ‘‘घरचंच तर आहे,’’ म्हणून थांबू नये. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लहानशा ओरखड्यातूनही बराच वेळ रक्त येते. अशा वेळी स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि डॉक्टरांना गोळीचे नाव सांगावे. आणि ताप उतरत नसेल तर घरात कुत्रा आहे, अंगावर गोचीड आढळली होती, हेही न लाजता सांगावे. पुष्कळदा रुग्ण ते सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

आता पुन्हा घाटाकडे येऊ. तुम्ही माहुलीला जाणार असाल तर पावसाळा टाळा. पाणी चढलेले असते आणि त्यानंतरही काही आठवडे खालच्या पायऱ्यांवर शेवाळ राहते. पायऱ्या जुन्या, उंच आणि असमान आहेत, हाताला कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्याच पायरीवर बसावे. संगम तेथूनही पुरेसा दिसतो. खंड्याची समाधी पाहायची असेल तर एखाद्या गावकऱ्याला विचारा, तो आनंदाने दाखवील. भव्य असे काही मनात धरून जाऊ नका.

गेल्या वर्षापासून गुरुजीही येतात. मुलगा रविवारी त्यांना गाडीतून आणतो आणि दशम्या विधीला आलेल्यांची गर्दी नसेल तेव्हा आम्ही तिघे, म्हणजे गुरुजी, चिंगी आणि मी, वरच्या पायरीवर बसतो. नवे कुत्रे घेण्याविषयी मी एकदा विचारले होते. ‘‘आता ऐंशी झाली,’’ एवढेच म्हणाले. पहिले काही आठवडे ते चिंगीला हात लावत नव्हते. मग एके दिवशी त्यांनी तिचा पट्टा चाचपून पाहिला आणि मला म्हणाले, ‘‘घट्ट आहे हो, दोन बोटं जायला हवीत.’’ मी तो सैल केला. तेव्हापासून दर रविवारी ते पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहतात. राजाचे नाव निघत नाही.

गाडीपासून घाटापर्यंतचे अंतर ते आता चालत येतात, चालत जातात. जाताना चिंगी त्यांच्या काठीच्या बाजूने चालते, दोरी माझ्या हातात असते. सांधे धरल्यामुळे अलीकडे तिलाही उठायला वेळ लागतो. निघायची वेळ झाली की मी गुरुजींना हात देऊ करते. ते काठी टेकतात, चिंगी उठेपर्यंत थांबतात आणि मग उठतात.