पद मुलाचे, फौज आईची : उमाबाई दाभाडे

१/ इ.स. १७३३ च्या आरंभी मराठ्यांची एक मोठी फौज अहमदाबादेवर चालून गेली. कंठाजी कदम बांडे आणि दमाजी गायकवाड यांच्यासारखे मुरलेले सरदार तिच्यात होते. मोहिमेची धनी मात्र होती तळेगावची एक विधवा. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा रणात पडला होता आणि वर्षही झाले नव्हते तोच तिचा सर्वांत मातब्बर सरदार दग्याने मारला गेला होता. हा धागा उमाबाई दाभाडे यांच्याविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ ‘मराठ्यांच्या एकमेव स्त्री सरसेनापती’ अशी उमाबाईंची ओळख समाजमाध्यमांवर वारंवार करून दिली जाते. गौरव योग्यच आहे, पण हे वाक्य अर्धेच खरे आहे. फौज त्यांनी चालवली, सरदार त्यांच्या शब्दावर निघाले, तह त्यांच्या वतीने झाले. सेनापतिपद मात्र कागदोपत्री त्यांच्या नावावर कधीच नव्हते. त्यांच्या उदयाचे आणि अस्ताचे मूळ याच फरकात सापडते.

३/ युद्धात सापडलेल्या स्त्रिया मराठ्यांच्या इतिहासात पुष्कळ आहेत. शहापूर तालुक्यातील माहुली गड घ्या. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी या गडाला वेढा घातला आणि शहाजीराजांना शरणागती पत्करावी लागली. त्या धावपळीच्या काळात जिजाबाई आणि बाल शिवाजी त्यांच्यासोबत होते, असे मानले जाते. वेढा, उपासमार, रातोरात गड बदलणे हे सरदारघराण्यांतील स्त्रियांच्या वाट्याला नेहमीच येई.

४/ गड लढवणे वेगळे आणि परमुलखात फौज घेऊन जाणे वेगळे. गडावर तट असतो, कोठार असते. मैदानात घोडदळ हलते ठेवावे लागते, दाणावैरण पुरवावी लागते आणि सरदारांची तोंडे एका दिशेला ठेवावी लागतात. आज हे काम रणगाडे करतात. भारतीय लष्कराच्या रणगाडा रेजिमेंटांना ‘पूना हॉर्स’, ‘डेक्कन हॉर्स’ ही घोडदळाची नावे अजून आहेत, ती उगीच नव्हेत. अठराव्या शतकातील असे हलते दळ उमाबाईंनी परमुलखात नेले, म्हणून त्यांची हकिकत वेगळी.

५/ उमाबाई मूळच्या नाशिककडील अभोण्याच्या. ठोके देशमुखांचे हे घराणे. सप्तशृंग गड तेथून जवळ. गडाच्या पायऱ्या उमाबाईंनी बांधविल्या, असे मानले जाते. त्यांचा विवाह तळेगावच्या खंडेराव दाभाडे यांच्याशी झाला. घराणे लढवय्ये. राजाराम महाराजांच्या कठीण काळापासून दाभाड्यांनी छत्रपतींची बाजू धरली होती.

६/ १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिले. बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या मोहिमेत खंडेराव होते. गुजरात आणि खानदेश ही त्यांची खास कर्मभूमी. पिलाजी गायकवाड हे त्यांच्याच हाताखालचे. त्यांनी सोनगडला ठाणे केले आणि तेथून गुजरातेत पाय रोवले. बडोद्याच्या राजघराण्याची सुरुवात अशी दाभाड्यांच्या चाकरीतून झाली.

७/ सेनापतीचे काम म्हणजे केवळ तलवार चालवणे नव्हे. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. हे हक्क कागदावर मिळत, पण वसूल मात्र फौजेच्या जोरावरच होत. वसूल आला तर शिलेदारांचा पगार भागे. पगार भागला तर फौज टिके. फौज टिकली तर पुढच्या वर्षी वसूल येई. या चक्राचा एक आरा निखळला की सारा गाडा बसे.

८/ १७२९ मध्ये खंडेराव वारले. सेनापतिपद मुलगा त्रिंबकराव यांच्याकडे आले. त्याच सुमारास पेशव्यांचा हात गुजरातेकडे वळला. १७३० मध्ये चिमाजी आप्पांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाकडून गुजरातच्या चौथाईचा करार मिळवला. ज्या मुलखात दाभाड्यांनी वर्षानुवर्षे घोडी दौडवली, तेथे आता पेशवे वाटेकरी झाले. त्रिंबकरावांनी निजामाशी संधान बांधले आणि तट उघड झाला.

९/ १ एप्रिल १७३१. डभईजवळ मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. एकीकडे छत्रपतींचे पेशवे बाजीराव, दुसरीकडे छत्रपतींचे सेनापती त्रिंबकराव. त्रिंबकराव शर्थीने लढले आणि गोळी लागून पडले. ती गोळी शत्रूची नव्हे, त्यांचे मामा भावसिंगराव ठोके यांच्या फितुरीची, अशी एक वदंता आहे. ती खरी असेल तर उमाबाईंचा मुलगा त्यांच्या माहेरच्या माणसाच्या हातून गेला.

१०/ शाहू महाराजांपुढे पेच उभा राहिला. पेशवा हवा आणि दाभाडेही हवेत. महाराजांनी उमाबाईंची समजूत घातली. परंपरा सांगते, की त्यांनी बाजीरावांना उमाबाईंपुढे उभे केले, त्यांच्या हाती तलवार दिली आणि ‘सूड घ्या’ म्हटले. उमाबाईंनी तलवार खाली ठेवली. प्रसंग शब्दशः असाच घडला असेल वा नसेल. हुजुरातीपुढे आणखी रक्त सांडायचे नाही, हा निर्णय मात्र उमाबाईंनी घेतला, हे पुढच्या घटनांवरून दिसते.

११/ तडजोड झाली. सेनापतिपद त्रिंबकरावांचे धाकटे भाऊ यशवंतराव यांना मिळाले. ते अल्पवयीन असल्याने कारभार आई पाहणार. पिलाजी गायकवाड मुतालिक झाले आणि ‘सेनाखासखेल’ हा किताब त्यांना मिळाला. पेशवे आणि दाभाडे यांनी एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, असे ठरले. गुजरातच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा दाभाड्यांनी पेशव्यांमार्फत सरकारात भरायचा होता.

१२/ या शेवटच्या अटीकडे नीट पाहावे. मुलगा गमावलेल्या आईने ज्यांच्याशी लढताना तो गेला त्यांच्याच हातून दरसाल पैसा भरायचा, असा तो करार होता. मुलूख आपण राखायचा, फौजेचा खर्च आपण सोसायचा, आणि अर्धे उत्पन्न पुण्याच्या वाटेने जाऊ द्यायचे. वीस वर्षांनी याच अटीवरून दाभाड्यांची दौलत बुडाली.

१३/ शोक करायलाही फुरसत मिळाली नाही. गुजरातचा मोगल सुभेदार आता जोधपूरचा महाराजा अभयसिंह होता. रणात पिलाजींना हटवणे अवघड, म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. १७३२ मध्ये डाकोर येथे बोलणी करण्याच्या मिषाने त्याच्या माणसांनी पिलाजींचा खून केला. पाठोपाठ बडोदे अभयसिंहाच्या हाती गेले. दाभाड्यांचा गुजरातेतील खांबच कोसळला.

१४/ आता मोहिमेवर कोण जाणार? नावाचे सेनापती लहान. मुतालिक मारला गेलेला. पिलाजींचे पुत्र दमाजी तरुण, अजून पारखले न गेलेले. कदम बांडे हे स्वतंत्र बाण्याचे सरदार. दुसऱ्या सरदाराचा हुकूम ते सहसा मानत नसत. या सर्वांना एका झेंड्याखाली आणील असे एकच माणूस घराण्यात उरले होते. उमाबाई स्वतः निघाल्या.

१५/ फौज अहमदाबादेवर आली. शहराच्या परिसरात चकमकी झाल्या, मुलखातील वसूल थांबला, सुभेदाराची कोंडी झाली. अखेर अभयसिंहाने जवांमर्दखान बाबीमार्फत बोलणी लावली. चौथ आणि सरदेशमुखी तर मान्य करावी लागलीच, शिवाय अहमदाबादच्या खजिन्यातून ८०,००० रुपये द्यावे लागले. शहर उमाबाईंनी घेतले नाही. पिलाजींच्या खुनाने हक्क बुडत नाहीत, हे मात्र त्यांनी वसूल करून दाखवले.

१६/ लोककथेने या मोहिमेला आणखी रंग दिला. बाबीने ‘एक विधवा काय लढणार’ असे खिजवणारे पत्र धाडले. पांढऱ्या वस्त्रातील उमाबाई हत्तीवर बसून रणात उतरल्या. प्रेतांचा ढीग रचून मराठे तटावर चढले. शाहू महाराजांनी उमाबाईंच्या पायांत सोन्याचे तोडे घातले. यातले किती घडले आणि किती पुढे जडले हे वेगळे काढणे अवघड. पण विधवेच्या पायांत सोन्याचे तोडे हा मान समाजाच्या रीतीविरुद्धचा होता. लोकांनी तो कथेत जपला, यावरून त्यांना उमाबाईंचे काय वाटे ते कळते.

१७/ १७३४ मध्ये पिलाजींचे बंधू महादजी गायकवाड यांनी बडोदे परत घेतले. तेव्हापासून ते संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत गायकवाडांकडेच राहिले. सयाजीरावांचे बडोदे आपण अभिमानाने आठवतो. ज्या कठीण वर्षी ते कायमचे हातचे जाण्याची वेळ होती, त्या वर्षी फौज उभी करणारी बाई मात्र त्या आठवणीत फारशी येत नाही.

१८/ घरचे पुरुष गेल्यावरच बाईच्या हाती फौज येते, हे आपल्याकडेच घडले असे नाही. दुसऱ्या महायुद्धात मारिया ओक्त्याब्रस्काया या सोव्हिएत स्त्रीचा नवरा १९४१ मध्ये लढाईत पडला. तिने घरातले किडूकमिडूक विकले, ५०,००० रुबल उभे केले, एका टी-३४ रणगाड्याची किंमत भरली आणि तो चालवण्याची परवानगी थेट स्टालिनकडे मागितली. १९४३ मध्ये ती आघाडीवर गेली आणि मार्च १९४४ मध्ये जखमांनी वारली. दार उघडले ते वैधव्यामुळे, आणि त्याचीही किंमत आधी मोजून.

१९/ उमाबाईंना पुढे दोन बाजूंनी घसरण पाहावी लागली. यशवंतराव मोठे झाले, पण व्यसनात बुडाले; पदाला साजेसे कर्तृत्व त्यांच्या हातून झाले नाही. उलट दमाजी गायकवाड गुजरातेत प्रबळ होत गेले. वसूल त्यांच्या हाती, फौज त्यांच्या हाती. तळेगावकडे धनीपण उरले, पण गाड्याचे आरे आता सोनगड-बडोद्याकडे होते.

२०/ गुजरातचा अर्धा वाटा वर्षानुवर्षे भरला गेला नाही. शाहू महाराज असेपर्यंत ते सांभाळून घेतले गेले. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज वारले आणि नानासाहेब पेशव्यांनी थकबाकीचा तगादा लावला. १७५० च्या अखेरीस उमाबाई आळंदीस नानासाहेबांना भेटल्या. तो करार दडपणाखाली झालेला, आता सोडून द्यावा, असे त्यांचे मागणे होते. नानासाहेबांना फौजेच्या खर्चासाठी पैसा हवा होता. त्यांनी नकार दिला.

२१/ त्याच दिवसांत साताऱ्यात महाराणी ताराबाईंनी रामराजांना कैद केले आणि पेशव्यांना आव्हान दिले. उमाबाईंनी ताराबाईंची बाजू धरली व दमाजींना फौजेसह साताऱ्याकडे पाठवले. औरंगजेबाशी झुंज चालवलेली ताराबाई आणि अहमदाबादेवर गेलेली उमाबाई, दोघी उतारवयात एका बाजूला आल्या. दोघींनीही आयुष्यभर मुलाच्या वा नातवाच्या नावाने राज्य हाकले होते.

२२/ डाव फसला. दमाजींनी निंबजवळ पहिली लढत जिंकली, पण मग ते साताऱ्याजवळच अडकले. बोलणी सुरू असता एप्रिल १७५१ च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजेने त्यांच्या छावणीवर छापा घातला. पुढे दमाजी कैद झाले, दाभाडे कुटुंबही कैद झाले. १७५२ मध्ये दमाजी अर्धा गुजरात पेशव्यांना देऊन सुटले आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतंत्र झाले. त्या तडजोडीत दाभाड्यांच्या वाट्याला आली ती केवळ नेमणूक.

२३/ १७५३ मध्ये उमाबाई पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगाव दाभाडे येथे आहे. मुंबई-पुणे लोहमार्गाने रोज हजारो माणसे त्या गावावरून जातात.

२४/ आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. उमाबाई सेनापती होत्या का? सनद पाहिली तर नाही. काम पाहिले तर होय. मुलाच्या नावाने चालवलेली सत्ता मुलाच्या कर्तृत्वाला बांधलेली राहते. यशवंतराव कमी पडताच उमाबाईंनी मिळवलेले यशही घराण्याच्या हिशेबातून वजा झाले. मुतालिक गायकवाडांचे राज्य झाले, पेशव्यांची सत्ता झाली. ज्या बाईने मधला दुवा तुटू दिला नाही तिच्या नावावर काहीच चढले नाही.

२५/ म्हणून ‘एकमेव स्त्री सरसेनापती’ असे लिहिताना पुढे एक वाक्य जोडावे : हे पद त्यांना कोणी दिले नव्हते, त्यांनी ते निभावले होते. पुढच्या वेळी लोणावळ्याकडे जाताना तळेगावला थोडे थांबावे आणि त्या समाधीपाशी जाऊन यावे.

(समाप्त)