तुसाची पेटी
चूल फुंकताना धुराने आईचे डोळे लाल होत, सरपणही विकतचे. म्हणून मी फळांच्या जुन्या खोक्यात चोहो बाजूंनी भाताचे तूस दाबून भरले, मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवली आणि वर घालायला फाटक्या गोधडीची जाड उशी शिवली. भिजवलेली तूरडाळ चुलीवर १० मिनिटे रटरटू दिली, घट्ट झाकण लावले आणि पातेले लगेच पेटीत दडपले. तुसात कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आजीला मात्र हे पटेना. विस्तवावाचून अन्न शिजेल कसे? प्रश्न रास्तच होता. ३ तासांनी पेटी उघडली. आईने डाळीचा दाणा बोटांनी चिरडून पाहिला आणि चुलीपाशी काढून ठेवलेली चार लाकडे मुकाट्याने परत ढिगावर नेऊन ठेवली.