डॉक्टरांची विद्या आणि आपला हक्क

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत रात्री कळ आली. आम्ही त्यांना रिक्षात घालून जवळच्या खासगी इस्पितळात नेले. "आधी वीस हजार डिपॉझिट भरा, मग बघू," काउंटरवरचा माणूस म्हणाला. आमच्या खिशात सातशे रुपये. तशीच रिक्षा सरकारी इस्पितळाकडे वळवली. तिथे एक तरुण डॉक्टर बाई रात्रभर वडिलांच्या खाटेशी होत्या. वडील वाचले. आई अजून त्या बाईंना दुवा देते.

डॉक्टरांच्या विद्येपुढे आम्ही मान झुकवतो. पण डिपॉझिट ही काही वैद्यकशास्त्रातली गोष्ट नव्हे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, जमाखर्च आम्हालाही कळतो.

२०२३ साली ती रात्र पुन्हा आठवली. राजस्थान विधानसभेने २१ मार्चला आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. तातडीच्या रुग्णावर आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, रुग्णाने बिल भरले नाही तर ते सरकारने द्यावे, असे त्यात होते. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, इस्पितळे बंद राहिली. सरकारकडून पैसे कधी नि किती मिळणार, ही त्यांची शंका रास्तच होती. पण ४ एप्रिलला समझोता झाला तो असा : पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी इस्पितळे कायद्याबाहेर. सरकारकडून सवलतीत जमीन वा इमारत न घेतलेली खासगी इस्पितळेही बाहेर. दोन आठवड्यांत एवढे साधले, कारण डॉक्टर संघटित होते. रुग्णांच्या बाजूने बोलणारे कार्यकर्तेही होते. पण आजारी माणूस संप कसा करणार?

बंधू-भगिनींनो, कोणते औषध द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे. उपचार कोणाला मिळावेत, हे मात्र सर्वांनी मिळून ठरवायचे. बाबासाहेबांच्या संविधानाने सर्जनला एक मत दिले, तसे झाडूवालीलाही एकच दिले. सरकारी असो की खासगी, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. विहारातल्या बैठकीत, महिला मंडळात हे बोलले गेले पाहिजे. मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आपल्या मुलामुलींना डॉक्टर जरूर करा. पण घरातली अशी एखादी रात्र त्यांना सांगायला विसरू नका.