खोका वाजता कामा नये

फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये येतात, तेव्हा दोन बांगड्यांच्या मध्ये ना कापूस असतो ना भुसा. काचेला काच खेटून, दोऱ्याने आवळून जुड्या बांधलेल्या असतात. शेकडो किलोमीटर ट्रकमध्ये हादरत येऊनही त्यातल्या बहुतेक धड राहतात. याच बांगड्या सुट्या करून मऊ उशीच्या खोळीत भरल्या आणि तेवढाच प्रवास घडवला, तर खोळ उघडताना तुकडेच हाती येतील. काच जितकी मऊपणाच्या अभावी फुटते, त्याहून जास्त ती हलायला जागा मिळाल्यामुळे फुटते. घर हलवताना मात्र आपली सगळी चिंता कागद किती, चादरी किती, याचीच असते. खोक्यात मोकळी जागा किती उरली, हे कुणी बघत नाही.

आपल्याकडे घरं हलतात ती बहुधा ऐन उन्हाळ्यात. सरकारी बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांतच कराव्यात, असं 2005 च्या बदली अधिनियमातच आहे. शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच. पारा 44-45 अंशांवर, टेम्पो दारात, हमाल घाईत. अशा वेळी टीव्हीचा रिकामा मोठा खोका दिसतो आणि कपबश्या, ग्लास, मिक्सरचं भांडं, वरून दोन टॉवेल, असं सगळं त्यात जातं. कुणी म्हणेल, जळगाव-धुळे अंतर ते किती, जेमतेम नव्वद किलोमीटर, आणि महामार्गही आता चौपदरी झाला. मोठे दणके कमी झाले, हे खरं. पण इंजिनाची आणि चाकांची बारीक थरथर रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी थांबत नाही, आणि काचेचं खरं नुकसान तीच करते.

ते कसं, हे ग्रिफिथ या इंग्रज संशोधकाने 1921 साली छापलेल्या निबंधात दाखवलं. काच हिशेबाने जेवढी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी आधी ती तुटते, कारण तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. ताण आला की तो त्या चिरांच्या टोकाशी एकवटतो. दोन ग्लास तासभर एकमेकांवर घासले की अशा नव्या चिरा पडतात. नव्या घरी ग्लास धड निघतो, आपण निश्चिंत होतो आणि महिन्याभराने गरम चहा ओतताच तो तडकतो. दोष चहाला दिला जातो.

मऊपणाचं महत्त्व मी नाकारत नाही. फूटभर उंचीवरून पडलेला ग्लास फरशीवर दोन मिलिमीटरांत थांबला, तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या दीडशे पट जोर येतो. तोच तीन सेंटिमीटर दबणाऱ्या कागदाच्या बोळ्यांवर थांबला, तर दहा-अकरा पटच. म्हणून खोक्याच्या तळाशी आणि चारही बाजूंना निदान दोन-तीन बोटं जाडीचे बोळे हवेतच. पण ग्लास आत सैल असेल, तर खोक्याचं पडणं संपल्यावर ग्लासचं पडणं सुरू होतं आणि त्या वेळी तो बोळ्यावर टेकेल की शेजारच्या बरणीवर, हे आपल्या हाती राहत नाही. गच्च भरलेल्या खोक्यातच मऊपणा कामाला येतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. घडांच्या खाली आणि फटींत केळीचाच पाला कोंबून गाडी भरायची, म्हणजे घड घडाला घासून काळा पडत नाही. निर्यातीच्या खोक्यात साधारण 13 किलोच केळी असतात, आणि हे वजन काचेलाही चांगलं लागू पडतं. एका माणसाला न कण्हता उचलता येईल तेवढाच खोका हवा, कारण जड खोका ठेवला जात नाही, टाकला जातो. औषधांच्या दुकानात बाटल्यांचे कप्पे असलेले खोके मिळतात, ते सगळ्यात उत्तम. भरून झाल्यावर झाकणं बंद करून दोन्ही हातांनी हलवून बघावं. आवाज आला, तर उघडून पुन्हा भरायचा. धुळीमुळे चिकटपट्टी दगा देते, म्हणून वरून सुतळीचा आडवा-उभा फेराही द्यावा.

इतकं गच्च भरलं तर दाबानेच फुटणार नाही का, ही शंका रास्त आहे. पण काच सगळीकडून सारखा दाब चांगला सोसते. तिला सोसत नाही ते वाकणं आणि एका टोकावरचा भार. म्हणून बशा आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. आडव्या चळतीत खालच्या बशीच्या पोटावर सगळा भार येतो आणि ती वाकते. फुग्यांचं प्लास्टिक घेतलं म्हणजे काळजी मिटली, हेही खरं नाही. मोठ्या खोक्यात एकेक वेढा देऊन सोडलेले ग्लास त्या फुग्यांसकट गडगडतात. त्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्राचे हाताने चुरगळलेले बोळे आणि विटक्या सुती साड्या बऱ्या. शाईचे डाग धुऊन निघतात. आणि बांधणारी माणसं पैसे देऊन आणली, तरी खोका आपण हलवून बघायला काही हरकत नाही.

एका वस्तूपुढे मात्र हा सगळा हिशेब थकतो, ती म्हणजे कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी. आतलं तेल डचमळतं, दादऱ्यातून पाझरतं आणि ओला पुठ्ठा तळाशी ढासळतो. लोणचं स्टीलच्या डब्यात काढून बरणी रिकामी न्यावी, हा माझा सल्ला. मुरलेलं लोणचं हलवायला ज्या घरात मन धजत नाही, तिथे ती बरणी गाडीत कुणाच्या तरी मांडीवरच जावी. बाकीचे खोके नव्या घरी पलंगावर किंवा सतरंजीवर उघडावेत, आणि एकही बोळा दाबून बघितल्याशिवाय केरात टाकू नये. साखरदाणीचं झाकण नेहमी त्यातच सापडतं.