एक दिवा, तीन बटणे

दिवा लावणे ही गोष्ट आपल्याकडे कधीच क्षुल्लक मानली गेली नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा कोणी लावायचा हे घराघरांत ठरलेले असते. आणि तो ‘विझवला’ असे न म्हणता ‘शांत केला’, ‘मालवला’, असे म्हणण्याची आपली रीत आहे. विजेचे दिवे आले आणि हा सारा विचार एका बटणापाशी येऊन थांबला. एकदा दाबले, उजेड झाला. पुन्हा दाबले, काळोख झाला. परंतु जेथे दिवा एक आणि त्याच्या उजेडात वावरणारी माणसे अनेक, तेथे बटण कोणाच्या हाताशी असावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आम्हांस हे कळले ते एका मालवाहू गाडीच्या दिव्यामुळे.

आमचे थोरले मामेभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, बेळगावहून भाजी आणून म्हापशाच्या बाजारात उतरवितात. रात्री बेळगाव सोडावे, चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीवरून पहाटे म्हापसा गाठावे, हा त्यांचा नेम. गाडीच्या हौद्यावर लोखंडी कमानी आणि त्यांवर ताडपत्री. त्यामुळे आत भर दिवसाही अंधारच. मधल्या कमानीला एक दिवा होता, पण त्याचे बटण चालकासमोर. मागे फाळका उघडून उभ्या असलेल्या मदतनिसाने उजेडासाठी ओरडावे आणि पुढे बसलेल्या दादांनी तो द्यावा, अशी व्यवस्था. पावसाच्या माऱ्यात हे ओरडणे पुढे पोहोचत नसे.

म्हणून २०२३ च्या चतुर्थीपूर्वी, भाजीची ने-आण वाढण्याच्या सुमारास, दादांनी आमच्या गावच्या मेस्ताकडून फाळक्यापाशी दुसरे बटण बसवून घेतले. मेस्ताने जोडणी केली ती घरातल्या जिन्याच्या दिव्याची. जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही मालवता येतो, हे आपण सारेच पाहतो. त्यामागील युक्ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. साध्या बटणाला तारा जोडण्याच्या दोन जागा असतात. या बटणाला तीन. एका बटणाच्या मधल्या जागी बॅटरीकडून वीज येते, दुसऱ्याच्या मधल्या जागेतून ती दिव्याकडे जाते, आणि उरलेल्या दोन-दोन जागा एकमेकींना दोन तारांनी जोडलेल्या असतात. दोन्ही बटणे एकाच तारेकडे वळलेली असली की दिवा लागतो. एकाने तोंड फिरविले की मालवतो. मधे तिसरे बटण हवे असल्यास ते चार जागांचे, दोन तारांची अदलाबदल करणारे लागते. अशी बटणे मधे कितीही घालता येतात.

जोडणी उत्तम झाली. पुढे लावलेला दिवा मागे मालवता येई, मागे लावलेला पुढे. दादांना याचे मोठे कौतुक होते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत एका पहाटे आम्ही त्यांच्यासोबत म्हापशाला होतो. मदतनीस, वीस-बावीस वर्षांचा तरुण, टोमॅटोचा खोका उचलून हौद्यातून फाळक्याकडे येत होता. दादा पुढे बसून हिशेब लिहीत होते. आरशात त्यांना मागचा उजेड दिसला. माल उतरवून झाला आणि दिवा तसाच राहिला, असे समजून त्यांनी बॅटरीच्या काळजीने बटण दाबले. क्षणात काळोख झाला. “कोणें रे काळोख केलो?” एवढे शब्द ऐकू आले आणि पाठोपाठ खोका पडल्याचा आवाज. मदतनिसाचा पाय फाळक्याच्या कडेवरून सुटला होता. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचा उजवा हात सहा आठवडे बंद म्हणजे काय, हे सांगावयास नको. दादांनी त्याचा रोज चालू ठेवला. तथापि त्याच्या आईच्या चेहऱ्यावरील चिंता आम्ही पाहिली आहे.

यात दोष कोणाचा? तारा नीट होत्या, बटणे नवी होती, दादांचा हेतू तर काटकसरीचा. आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. आम्हांस या प्रसंगात व्याकरण दिसू लागले. उभयान्वयी अव्यये शिकविताना ‘किंवा’ या शब्दाचे दोन अर्थ आम्ही मुलांना दाखवितो. ‘चहा घ्या किंवा कॉफी घ्या’ यात दोहोंपैकी एकच अभिप्रेत असते. ‘पाऊस किंवा वारा आला तर खिडकी लावा’ यात दोन्ही एकदम आले तरी खिडकी लावायचीच असते. जिन्याची जोडणी पहिल्या जातीची. तीत दुसऱ्याने केलेले पहिल्याला मोडता येते. मेस्ताने नंतर केलेली जोडणी दुसऱ्या जातीची.

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. आणि १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की विजेच्या बटणांची जोडणी तेच बीजगणित बोलते. आजची सारी संगणकविद्या या विचारावर उभी आहे.

नव्या जोडणीत तीन साधी बटणे आली: एक पुढे, एक हौद्यात, एक फाळक्यापाशी. बॅटरीजवळच्या फ्यूजमधून निघालेली तार तिन्ही बटणांना स्वतंत्रपणे पोहोचते आणि तिन्हींतून निघून दिव्यापाशी एकत्र येते. कोणीही दिवा लावावा. लावणाऱ्याने स्वतःचे बटण बंद केल्याशिवाय तो मालवणार नाही. दुसऱ्याचा उजेड काढून घेण्याची सोयच उरली नाही.

परंतु प्रत्येक सोय आपली अडचण बरोबर घेऊन येते. मागचे बटण रात्रभर चालूच राहिले तर? जुना दिवा २१ वॅटचा. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो पावणेदोन अँपिअर वीज ओढी. दहा तासांत साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चौथा हिस्सा त्याने सहज संपविला असता. मेस्ताने त्याजागी ६ वॅटचा एलईडी दिवा बसविला. तो अर्धाच अँपिअर घेतो. आणि दुसरे एक काम केले, जे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. मागच्या दिव्याच्या तारेवरून एक फाटा काढून त्याने चालकासमोर हरभऱ्याएवढा तांबडा दिवा लावला. मागे उजेड आहे तोवर पुढे हा ठिपका चमकतो. चालकाला खबर मिळते, अधिकार मिळत नाही. “मास्तर,” मेस्त आम्हांस म्हणाला, “पुढच्याला मागचे दिसत नाही. दिसत नाही त्याने मालवू नये, विचारावे.”

आता तो ठिपका दिसला की दादा खाली उतरतात, मागे जातात, फाळक्यावर थाप मारतात आणि विचारतात, “भितर कोण आसा रे?” उत्तर आले तर परततात. न आले तर स्वतः डोकावून पाहतात आणि मगच बटण बंद करतात. मदतनीस पुन्हा कामावर आला आहे. खोका मात्र तो अजून डाव्या हाताच्या आधाराने उचलतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढे कोणी घरचे कर्ते व्हाल, कोणी कचेरीतले अधिकारी, कोणी आमच्यासारखे शिक्षक. कोणत्या ना कोणत्या दिव्याचे बटण तुमच्या हाताशी येईलच, आणि काटकसर, शिस्त, वेळ यांपैकी एखादे चांगलेच कारण ते दाबण्यासाठी तुमच्यापाशी असेल. त्या क्षणी आत कोणी ओझे घेऊन चालत तर नाही ना, एवढे आधी विचारून घ्या.