पांगारा रुसत नाही

मुलांनो, तुम्हाला एक गुपित सांगते. ‘मोबाईलवर खेळत बसू नका’ असं वर्गात बजावणारी ही तुमची बाई रात्री स्वतःच खेळते!

त्याचं असं झालं. मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची पुण्याहून मालवणला आली आणि जाताना माझ्या मोबाईलमध्ये एक खेळ घालून गेली. घोड्यांचं भलंमोठं कुरण, लाकडी कुंपण, तबेला. घोड्याला खरारा करायचा, हौद भरायचा, मग आरामात रपेट. शर्यत नाही, शत्रू नाही, कुणी हरत नाही. दिवसभर एकाच खोलीत दोन इयत्ता शिकवून घसा बसला की ही शांतता फार बरी वाटायची.

आमच्या गावात घोडा नाही. लहानपणी मी पाहिलेला पहिला घोडा लाकडाचा, सावंतवाडीच्या चितार आळीतल्या दुकानातला. तिथली खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करीत. म्हणून खेळातल्या माझ्या तांबड्या घोड्याचं नाव मी ठेवलं पांगारा.

मग शाळेची कामं निघाली आणि आठ दिवस खेळ उघडायला सवडच झाली नाही. नवव्या दिवशी बघते तर पांगारा तिथंच, तसाच तुकतुकीत! जरा मान खाली घातलेली. एक गाजर दिलं, रुसवा गेला.

ही गंमत मी चौथीच्या मुलांना सांगितली. सगळी हसली. एकजण मात्र हसला नाही. त्याच्या घरी गुरं आहेत. तो म्हणाला, “बाई, आठ दिवस पाणी नाय, तरी ह्यो उभो कसो? आमचो पाडो एक दिवस पाणी नाय मेळला तर वरडता.”

मी गप्प झाले. कारण मला आमची पाडी आठवली.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. भर उन्हाळ्यात पाडीला मळ्यात सावलीला बांधलं, बादली ठेवली आणि रापण ओढतात ती बघायला किनाऱ्यावर पळाले. जाळ्यात तारली, बांगडे उसळत होते, मग घरची आठवण कुठली? दुपारी तीनला परतले. सावली केव्हाच सरकली होती. दावं खुंट्याला गुंडाळून आखूड झालेलं, बादली कलंडलेली. पाडी जीभ बाहेर टाकून आडवी पडली होती. बाबांनी तिच्या अंगावर ओला गोणपाट टाकला, घोट घोट पाणी पाजलं. मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाडी वाचली. पण पुढं पावसाळा लागेपर्यंत मी दावं घेऊन गेले की ती मागं सरायची. गूळ दिला तरी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खऱ्या घोड्याची माहिती सांगितली. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं. त्याला ओकता येत नाही, म्हणून साधी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याचे खूर आपल्या नखांसारखे वाढतात. दर ६ ते ८ आठवड्यांनी ते कापून नीट करावे लागतात. आणि पाणी? दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त.

लगेच फळ्यावर गणित घातलं : रोज ४० लिटर, तर ८ दिवसांचं किती? कळशीत १० लिटर मावतं, तर कळश्या किती?

सगळ्यांत आधी त्याच मुलाचा हात वर. “बत्तीस!” मग माझ्या टेबलावरच्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणतो कसा, “बाई, गाजर रवांदे. आधी तेका बत्तीस कळसे पाणी घाला!”