तवंग कुणाच्या वाटीत?

आमच्या वस्तीत सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला जाणाऱ्यांत जाडजूड माणसे थोडीच. जन्मभर कष्ट उपसलेले, सडसडीत अंगाचे लोकच अधिक. "आम्ही कधी तूप-मिठाई खाल्ली, की हा श्रीमंतांचा रोग आम्हाला जडावा?" असे आमच्या थोरल्या वहिनी विचारतात. आम्ही पडलो कारकून, डॉक्टर नव्हे. पण खातेवहीत मागील पानावरची बाकी पुढे ओढावी लागते, एवढे आम्हाला कळते. शरीराचेही तसेच असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचे खाणेपिणे नोंदवले. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे काटकुळी, मांसाने कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. आणखी एक गोष्ट आढळली. अठराव्या आठवड्यात ज्या आईच्या खाण्यात स्निग्ध पदार्थ जास्त, तिच्या बाळाची लांबी व वजनही जास्त.

अठरावा आठवडा म्हणजे पाचवा महिना लागतानाचा काळ. तेव्हा आपल्या घरात काय चालते? "फार खाऊ नको, पोर मोठं होईल, बाळंतपण अडेल." रश्श्यावरचा तवंग पुरुषाच्या वाटीत, पातेल्याचा तळ सुनेला. डिंकाचे लाडू, अळीव, तूप, सारा थाट बाळंत झाल्यावर!

म्हणून तेलाची धार सैल सोडा, असे मात्र नाही. गाभण उंदरांना अतिचरबीचे खाद्य दिले, तेव्हा त्यांची पिल्ले पुढे लठ्ठ झाली आणि त्यांच्या अंगात इन्सुलिन नीट काम करेना. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट तर वारेतून बाळापर्यंत जाते. सरकारने २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली, ते बरे झाले. पण गाडीवरच्या कढईतले पुन्हा पुन्हा तापवलेले तेल कोण मोजतो? त्यापेक्षा शेंगदाणे, जवसाची चटणी, स्वस्त मिळाली तर तारली. जवसात आणि तारलीत असलेली ओमेगा-३ स्निग्धे बाळाच्या मेंदूलाही लागतात.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून 'सरला' नावाचा प्रयोग झाला. दिवस राहण्याआधीपासून काही बायांना पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ दिला, इतरांना साधा. गरोदरपणातला मधुमेह पहिल्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के निघाला. आईला तो झाला की मुलालाही पुढे धोका वाढतो. एका खाऊने एवढा फरक!

आमच्या पुतणीला सध्या पाचवा महिना आहे. तिला हे सारे तोंडपाठ आहे, पण घरात डाव तिच्या हातात नाही. म्हणून येत्या रविवारी विहारातल्या बैठकीला आम्ही सुनांना नव्हे, सासवांना बोलावले आहे. तिची सासू येते म्हणाली आहे.